विचारा शरीराबद्दल: घाम, बेंबी, गर्भपिशवी आणि बोअरचं पाणी

या महिन्यात उन्हाबद्दलची पत्रं सगळ्यांत जास्त आली, म्हणून सुरुवात तिथूनच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापलेली नाहीत, फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली): हळद शिजवायच्या कामावर आमची सहा माणसं असतात. एप्रिलात बॉयलरजवळ घाम नुसता गळतो, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मागच्या हंगामात एक नवा पोरगा तिसऱ्याच दिवशी बरळायला लागला आणि पडला. आम्ही त्याच्या तोंडात पाणी ओतलं, तापाची गोळी दिली. बरोबर केलं का? ओआरएसची पुडी एका पेल्यात टाकली तर लवकर गुण येतो का?

उत्तर: पाणी ओतलं ते चुकलं, गोळी वाया गेली आणि पुडी पेल्यात टाकायची नाही. आता एकेक कारण पाहू.

अंग गार होतं ते घाम वाळल्यावर. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. माठातलं पाणी गार होतं तेही याच हिशेबानं. हवा ३७ अंशांच्या वर गेली की अंगाची उष्णता हवेत जायची थांबते आणि हवेचीच अंगात यायला लागते. मग घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. बॉयलरभोवती तोही बंद होतो, कारण तिथली हवा वाफेनं दमट झालेली असते. घाम निथळून खाली पडतो, पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र अंगातच राहते. म्हणून बॉयलरपाशी एकच माणूस तासन् तास ठेवू नका. पाळी लावा, आणि सुटलेला माणूस नुसता सावलीत नको, वारा लागेल तिथं बसवा.

नवा पोरगा तिसऱ्या दिवशी पडला यात नवल नाही. उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातला द्रवभाग वाढतो, आणि अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकामुळे घामग्रंथी घामातलं मीठ परत ओढून घेतात. जुन्या माणसाचा घाम त्यामुळे कमी खारट असतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा द्या, मग रोज तेवढंच वाढवत न्या. मुकादमाला हे पटणार नाही, पण उन्हाळ्यात पडणारी माणसं बहुतेक पहिल्याच आठवड्यातली असतात.

कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्यातून दोन-तीन ग्रॅम मीठ, माणसागणिक कमी-जास्त. वरून नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. गोळे येण्यामागं हे एक कारण असतं. दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी प्या, मधूनमधून मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस घ्या. तासाला दीड लिटरच्या वर पाणी मात्र नको. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनं आत घेणारी प्रथिनं असतात आणि त्यांच्यामागं पाणी शिरतं. म्हणूनच मिठाबरोबर साखर लागते. पुडी पेल्यात घातली तर द्रावण इतकं दाट होतं की पाणी रक्तातून उलटं आतड्यात ओढलं जातं. जुलाब झालेल्या लेकराला असं पाजलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटकेसुद्धा येतात. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून सारखा केलेला. शिगेचा चमचा घेतला की माप दीडपट होतं. २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं होतं.

आता त्या पोराचं. चक्कर, मळमळ, थकवा, पण बोलणं शुद्धीवरचं: अशा माणसाला सावलीत आडवं करून पाणी पाजता येतं. बरळणं, माणूस न ओळखणं, झटका, बेशुद्धी: हा उष्माघात. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. अंग कोरडंच असेल असं नाही, काम करताना पडलेला माणूस घामानं चिंबही असतो. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत थांबू नका. कपडे काढा, बादल्यांनी सगळ्या अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही, पाणी थेट श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलही उपयोगाचं नाही. तापात मेंदूनंच तापमानाची पातळी वर नेलेली असते आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात मेंदूची पातळी जागेवरच असते, शरीराला ती राखणं जमत नसतं.

खिशातला कांदा तापमान उतरवत नाही. तो भाकरीबरोबर खावा.

प्रश्न (पाथरी, जि. परभणी): पोट दुखलं की आमची आजी म्हणते बेंबी सरकली. बेंबीवर दिवा लावून तांब्या पालथा घालते, गुण येतो. बेंबी खरंच सरकते का?

उत्तर: सरकायला तिथं काही उरलेलं नसतं. गर्भात असताना नाळेतून एक शीर आणि दोन धमन्या बाळाच्या पोटात जातात. जन्मानंतर त्या काही दिवसांत आखडून बंद होतात आणि पुढं त्यांचे नुसते तंतू होतात: एक यकृताकडं जाणारा, दोन खाली ओटीपोटाकडं. बेंबी म्हणजे त्या जागेवरचा व्रण. तांब्यात हवा गार होऊन आक्रसते आणि कातडी वर ओढली जाते, आत काही हलत नाही. गुण येतो कारण गॅस किंवा आतड्याच्या साध्या मुरड्यानं दुखणारं पोट तासा-दोन तासांत आपोआप थांबतं, आणि तेवढा वेळ माणूस शांत पडून असतो.

एरवी आजीच्या हौसेला आमची हरकत नसती. पण अपेंडिक्सचं दुखणं पुष्कळदा बेंबीभोवतीच सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडं खाली सरकतं. तिथं तांब्या लावण्यात आणि पोट चोळण्यात रात्र गेली तर अपेंडिक्स फुटू शकतं. दुखणं सहा तासांच्या वर टिकलं, उजवीकडं गेलं, उलटी-ताप आला किंवा चालताना पोटात कळ यायला लागली तर दवाखाना गाठा. आणि बेंबीत मऊ फुगा येत असेल, खोकल्यावर मोठा होत असेल, तर तो हर्निया असू शकतो. त्यावर तांब्या मुळीच नको.

प्रश्न (धारूर, जि. बीड): वय २९, तीन लेकरं. अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते. दरसाल उसाला जातो, पाळीत खाडा झाला की उचलीतून पैसे कापतात. तपासलं तेव्हा ‘पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं. आमच्या टोळीतल्या बऱ्याच जणींनी काढली. काढल्यावर शरीरात नेमकं काय बदलतं?

उत्तर: ताई, घाई करू नका. तुम्ही लिहिलेल्या त्रासांपैकी एकही त्रास पिशवी काढण्याचं कारण होत नाही.

गर्भपिशवी सात-आठ सेंटिमीटर लांबीचा स्नायूचा अवयव. तिच्या दोन्ही बाजूंना तीनेक सेंटिमीटरची दोन बीजकोशं असतात. अंडं तिथं पिकतं आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरकही तिथंच तयार होतं. नुसती पिशवी काढली तर पाळी आणि गरोदरपण थांबतं. बीजकोशं राहिली तरी काहींची रजोनिवृत्ती काही वर्षं आधी येते. बीजकोशंही काढली तर दुसऱ्याच आठवड्यापासून अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, योनीमार्ग कोरडा पडणं सुरू होतं, आणि हाडं झिजायचा वेग वाढतो. ज्या बाईला मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचंय, तिला तिशीत हाडं ठिसूळ होणं परवडणारं नाही. बायका म्हणतात ‘पिशवी काढली आणि अंगातला जोर गेला’. त्यातल्या पुष्कळ जणींची बीजकोशंही गेलेली असतात आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी डिस्चार्ज कार्ड वाचून घ्यावं. त्यावर ‘बीएसओ’ लिहिलं असेल तर दोन्ही बीजकोशं काढली आहेत. वय कमी असेल तर हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं.

पांढरं जाण्याचे प्रकार आहेत. दोन पाळ्यांच्या मधे पातळ, पारदर्शक, बिनवासाचा स्राव येणं नेहमीचंच आहे. दह्यासारखा घट्ट आणि खाज असेल तर बुरशी. करडा, मासळीसारख्या वासाचा असेल तर जिवाणूंचा बिघाड. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी, आणि त्यात नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. नाहीतर बाई बरी होते आणि महिन्यात तोच आजार परत येतो. हे तिन्ही गोळ्यांनी काही दिवसांत आटोक्यात येतात. फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नसते, तेच कापड दिवसभर राहतं, म्हणून त्रास पुन्हा पुन्हा होतो. पिशवी काढून त्या कारणाला हातही लागत नाही. कंबर वाकून तोडणी करण्यानं दुखते, ती ऑपरेशननंतरही दुखेल.

सोनोग्राफीत ‘बल्की’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ पिशवी थोडी मोठी. तीन बाळंतपणांनंतर ती तशी असतेच. कॅन्सरची भीती वेगळ्या जागेची आहे: पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तयार व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं घेतो. त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून पाहतात, बदललेला भाग पांढरा दिसतो. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. तिशीनंतर दर पाच वर्षांनी करून घ्या. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांमधे रक्त, पाळी बंद झाल्यावर रक्त किंवा रक्तमिश्रित घाण वासाचा स्राव दिसला तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा.

पिशवी काढावी लागते अशी कारणं आहेतच: औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, कॅन्सर. तुमच्या जिल्ह्यातल्या अशा ऑपरेशनांची चौकशी करायला राज्य सरकारनं २०१९ मध्ये समिती नेमली होती, ती काही उगाच नाही. दुसरं मत घ्या. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सगळे कागद घेऊन तिथं दाखवा.

प्रश्न (अहमदपूर, जि. लातूर): मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात. रक्त थांबतं का?

उत्तर: मुख्य कारण नस दबणं; नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावरून एक नस वरवर जाते, ती दाबली की संदेश अडतात. दाब सुटला की नस वेड्यावाकड्या ठिणग्या सोडत जागी होते, त्याच मुंग्या. दोन-चार मिनिटांत जायला हव्यात. न दबताही दोन्ही तळपायांना रोज येत असतील तर रक्तातली साखर आणि बी-१२ तपासा.

प्रश्न (सेनगाव, जि. हिंगोली): हिमोग्लोबिन ८.४. दवाखान्यातल्या लाल गोळ्यांनी मळमळतं, शौच काळी होते, म्हणून सोडल्या. बीट, गूळ, शेंगदाणे खाते. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. आकडे मांडून पाहा. शरीर रोज जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यातलं २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत वापरतं, अन्नातून नवं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम घेतं. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेलं तर वीस मिलिग्रॅम लोह जातं. ८.४ वरून १२ ला यायचं तर शेकड्यांनी मिलिग्रॅम हवं. बिटाचा लाल रंग वेगळ्याच रंगद्रव्याचा, त्यात लोह १०० ग्रॅममागं एक मिलिग्रॅमच्या आसपास. त्यापेक्षा तुमची बाजरीची भाकरी बरी, पण धान्यातल्या लोहाचा थोडाच वाटा आत शोषला जातो.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असतं. शौच काळी होते ती न शोषलेल्या लोहानं, काळजी नको. (गोळ्या चालू नसताना डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शौच झाली तर ते पोटातलं रक्त, लगेच दाखवा.) मळमळ होते म्हणून गोळी रात्री जेवणानंतर, झोपताना घ्या. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, त्यातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. जेवणात लिंबू पिळा. महिन्यानं तपासा, निदान एक ग्रॅमनं वाढायला हवं. १२ झालं तरी आणखी तीन महिने चालू ठेवा, कारण आधी रक्त भरतं आणि साठा नंतर. आमच्याकडं येणाऱ्या पत्रांत गोळ्या सोडल्या जातात त्या इथंच.

महिनाभर नेमानं घेऊनही आकडा हलला नाही तर गोळी बदलत बसू नका. जंत, मूळव्याधीचं रक्त, बी-१२ ची कमतरता, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचा शोध घ्यायला सांगा.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर): माझा रक्तगट ए, नवऱ्याचा बी, बाळाचा ओ आला. घरात कुजबुज सुरू झालीय.

उत्तर: ती आजच थांबवा. रक्तगटासाठी प्रत्येकाकडं दोन जनुकं असतात, एक आईचं, एक बापाचं. ए गटाचा माणूस ‘ए-ए’ असतो किंवा ‘ए-ओ’, रिपोर्टमध्ये दोन्ही ‘ए’ च दिसतात. तुम्ही ‘ए-ओ’ आणि ते ‘बी-ओ’ असाल तर दोघांचं ‘ओ’ बाळाकडं जाण्याची शक्यता चारात एक. त्याच घरात पुढची भावंडं ए, बी, एबी, ओ यांतली कुठलीही होऊ शकतात. तसंच दोघं पॉझिटिव्ह असून बाळ निगेटिव्ह होऊ शकतं.

आईबापांपैकी एकजण एबी असेल तर ओ बाळ सहसा होत नाही. तिथंही आधी तपासणी पुन्हा करा. एक दुर्मीळ शक्यता आपल्याच राज्यात सापडली: १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट. ए आणि बी ही चिन्हं ज्या ‘एच’ पायावर बसतात तो पायाच या लोकांच्या पेशींवर नसतो, म्हणून साध्या तपासणीत ते ओ वाटतात. त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. रक्तपेढीत अँटी-एच लावून हे कळतं. पितृत्व ठरवायचं काम रक्तगटाचं नाहीच.

प्रश्न (किनवट, जि. नांदेड): वाडीतल्या लेकरांचे दात पिवळे-तपकिरी, आडव्या रेघांचे. मिठानं, मिसरीनं घासूनही जात नाहीत. पाणी बोअरचं.

उत्तर: बहुधा फ्लोराइड. नांदेडच्या त्या बाजूला ग्रॅनाइटचा पट्टा आहे आणि अशा खडकातल्या खोल पाण्यात ते उतरतं. कायमच्या दातांचं वरचं कवच आठेक वर्षांपर्यंत हिरडीच्या आतच बनत असतं. त्या वयात फ्लोराइड जास्त गेलं की कवच सच्छिद्र बनतं आणि दात वर आल्यावर त्यात डाग मुरतो. कवच बनवणाऱ्या पेशी दात उगवताना संपतात, म्हणून ते पुन्हा तयार होत नाही. मिसरी तर बंदच करा, ती तंबाखू आहे.

पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. फडकं, कँडल फिल्टर, तुरटीचा खडा फिरवणं, कशानंच नाही. आरओनं कमी होतं. त्याहून सोपं म्हणजे पिण्यापुरतं वेगळं पाणी: उथळ विहिरीचं फ्लोराइड बोअरपेक्षा पुष्कळदा कमी निघतं, पण ते गाळून, क्लोरीन टाकूनच प्यावं. आठ वर्षांखालच्या लेकरांना आणि गरोदर बायकांना आधी ते द्या.

तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. हापसा किंवा मोटर पाच मिनिटं चालू ठेवा, मग लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा. बाटलीवर गाव, बोअरची जागा, खोली आणि तारीख लिहा. वाडीत तीन बोअर असतील तर तीन बाटल्या न्या, शंभर फुटांवरच्या दोन बोअरांत वेगळे आकडे येऊ शकतात.